गेलेले तेल परत का येत नाही?



पुण्याला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंतात व्याख्याने भरविण्याची चाल पाडली, आणि ती गावोगाव गेली. त्या चालीत इतिहास येतो, संतवाङ्मय येते, अर्थकारण येते. फटफटीचे इंजिन सहसा येत नाही. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले असावे की मी किमान वेतनावर बोलेन. मी म्हणालो, जुन्या विलायती बनावटीच्या इंजिनात तेल परत का येत नाही, यावर बोलतो. ते क्षणभर गप्प झाले आणि मग त्यांनी ते लिहून घेतले. त्यांचे आभार मानून सुरुवात करतो. किमान वेतन अगदीच टळेल असे मात्र समजू नका.

आपल्या भागात जुनी फटफटी म्हणजे बुलेट. तिचे मूळ गाव इंग्लंडातले रेडिच. लष्कराला गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, त्यातून १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि बुलेट तेथे तयार होऊ लागली. पुढे विलायतेतला मूळ कारखाना बंद पडला. मद्रासेत मात्र तेच ओतीव लोखंडी सिलिंडरचे इंजिन, त्याच दोन तेलपंपांसह, या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिले. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन, मॅचलेस या गाड्या आता हौशी माणसांच्या घरी झाकून ठेवलेल्या असतात. बुलेट अजून सेलू-मानवतच्या रस्त्यावर दूध वाहते, गंगाखेडच्या बाजाराला जाते. म्हणून बोलणे मुख्यतः तिच्याविषयी.

या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट समान आहे. तेलाचा साठा इंजिनाच्या तळाशी नसतो. तो वेगळ्या कोठीत असतो. ट्रायम्फ-नॉर्टनला ही कोठी सीटखाली स्वतंत्र टाकी म्हणून लावलेली असते. बुलेटला चेंबरच्याच ओतकामात मागच्या बाजूला भिंत घालून कोठी केलेली आहे. एक पंप या कोठीतले तेल उचलून फिरत्या भागांना देतो. ते तेल मोठ्या बेअरिंगमधून बाहेर फेकले जाते, सिलिंडरच्या भिंतींना लागते आणि थेंबाथेंबाने तळाशी उतरते. तेथून दुसरा पंप ते ओढून पुन्हा कोठीत पोचवितो. म्हणजे एक पंप देणारा आणि एक परत आणणारा. तळ कोरडा राहिला पाहिजे, अशी ही योजना आहे.

तळ कोरडा का हवा, हे परभणीच्या माणसाला फार समजावून सांगावे लागू नये. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यात आला. पाणी आले, ऊस आला. पण जेथे पाणी द्यायला पाट होता आणि निचऱ्याला चर नव्हता, तेथे काळी जमीन चिबडली. दोष पाण्याचा नव्हता. आलेले पाणी निघून जायला वाट नव्हती. इंजिनाचेही असेच होते. परतीचा पंप थकला की तळाशी तेल साचते, त्यात फ्लायव्हील घुसळू लागते, घुसळलेले तेल पिस्टनच्या खालून वर चढते, रिंगांना ते आवरत नाही आणि मागे निळा धूर निघतो. गाडी जड चालते, किक जड लागते, ब्रीदरच्या नळीतून तेल पडते. आणि मालक म्हणतो, गाडी ऑईल खाते, बोअर करा.

येथे एका शब्दाविषयी थोडे सांगतो. माझी शाळा सातवीला सुटली. इंग्रजी मी जी थोडी शिकलो ती बुलेटच्या माहितीपुस्तकावरून, शेजारी शब्दकोश ठेवून. या परतीच्या पंपाला इंग्रजीत स्कॅव्हेंज पंप म्हणतात. कोशात पाहिले तर अर्थ निघाला घाण उचलणे, साफसफाई करणे. हा शब्द मी आधी ऐकला होता. सफाई कामगाराला सरकारी भाषेत स्कॅव्हेंजर म्हणत. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले, त्यांच्या इंग्रजी नावांतही तोच शब्द आहे. पण मला खरे नवल वाटले ते पुढच्या ओळीचे. पुस्तकात लिहिले होते की परतीच्या पंपाची ताकद देणाऱ्या पंपापेक्षा जास्त ठेवलेली आहे. देणाऱ्याच्या वाट्याला कोठीतले निवांत तेल येते. परत आणणाऱ्याला फेस, हवा आणि गरम तेल यांचे मिश्रण ओढावे लागते, आणि मागे काही शिल्लक ठेवायचे नसते. ज्याने हे इंजिन आखले त्याला उचलण्याचे काम देण्याच्या कामापेक्षा अवघड आहे हे माहीत होते, आणि त्याने त्या हिशेबाने माप दिले. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात हे मला अजून पाहायला मिळालेले नाही. असो.

आता मूळ प्रकरण सांगतो. २००१ सालची गोष्ट. या जिल्ह्यातलेच एक गाव, नाव सांगत नाही. तेथल्या एका गॅरेजात सतरा-अठरा वर्षांचा पोरगा कामाला होता. एका गिऱ्हाइकाची बुलेट धूर मारते म्हणून आली. मालकाने सांगितले, रिंगा गेल्या. पोराने इंजिन उतरविले, सिलिंडर बोअर करून आणले, नवा पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या. गाडी चार दिवस बरी चालली आणि पुन्हा धूर. गिऱ्हाईक पैसे देईना. मालकाने ठरविले की पोराने रिंगा चुकीच्या बसविल्या, आणि बोअरचा व पिस्टनचा खर्च त्याच्या पगारातून कापायला लावला. तीन महिने पोराच्या हातात जेवणाखाण्यापुरतेच पडणार होते. तो माझ्याकडे आला, म्हणाला, "भाऊ, मी रिंगा नीट बसविल्या. तोंडे एका रेषेत ठेवली नव्हती. तुम्ही येऊन बघा."

मी गेलो. मालक म्हणाला, "पुढारी, तुम्ही गेटवर घोषणा द्या, इंजिनात हात घालू नका." मी म्हटले, हात घालत नाही, एक वाटी द्या.

वाटी कशासाठी, ते आता सांगतो. आजच्या विषयाचे सार त्या वाटीत आहे.

धुराची तीन वेगळी कारणे एकसारखी दिसतात आणि मिस्त्री त्यांत गोंधळतो. पहिले कारण म्हणजे उभ्या गाडीत कोठीतले तेल देणाऱ्या पंपाच्या झिजलेल्या तोंडांतून हळूहळू खाली झिरपणे. रात्रभर, आठवडाभर गाडी उभी राहिली की तळ भरतो. आपल्या वैशाखात तेल पातळ होते तेव्हा जास्तच झिरपते. अशी गाडी सकाळी किक मारल्यावर ढगासारखा धूर सोडते, पण परतीचा पंप शाबूत असेल तर काही मिनिटांत तळ उपसला जातो आणि धूर थांबतो. दुसरे कारण परतीचा पंपच काम करीत नसणे. अशी गाडी सुरू करताना कदाचित स्वच्छ असते, आणि जसजशी चालते तसतसा धूर वाढतो. तिसरे कारण खरोखरच रिंगा आणि सिलिंडर झिजणे. तेव्हा जळलेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो, चेंबरमध्ये दाब धरतो, आणि तेल सापडेल त्या फटीतून बाहेर येते. चढावर जोर दिला की अशी गाडी धूर मारते. उतारावर थ्रॉटल मिटलेले असताना आणि पुन्हा उघडताना धूर निघाला तर व्हॉल्व्हच्या गाईडकडे पाहावे. तो विषय वेगळा.

या तिघांना वेगळे करायला एक पाना आणि एक वाटी पुरते. बुलेटच्या चेंबरच्या तळाला निचऱ्याचा नट असतो. कोठीचा नट वेगळा, तो सोडायचा नाही. पुष्कळजण चुकून तोच सोडतात आणि सव्वादोन लिटरभर तेल जमिनीवर जाते. गाडी सात-आठ किलोमीटर चालवून आणावी, बंद करावी, आणि लगेच तळाचा नट उघडून निघेल ते तेल वाटीत धरावे. तेल गरम असते, हात सांभाळावा. अर्धी वाटी, फार तर वाटीभर निघाले तर परतीचा पंप आपले काम करतो आहे. तांब्याभर निघाले तर करीत नाही. मग नट घट्ट करून, काढलेले तेल गाळून कोठीत घालून, गाडी पुन्हा थोडी चालवून रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी किक न मारता पुन्हा तोच नट उघडावा. संध्याकाळी थोडे आणि सकाळी पुष्कळ, तर झिरपण्याचा दोष. संध्याकाळीच पुष्कळ, तर परतीचा दोष. दोन्ही वेळा थोडे आणि तरी धूर, तर मग खुशाल हेड उतरवा. एवढे केल्याशिवाय बोअर करणे म्हणजे ताप कशाचा हे न पाहता पोट फाडणे आहे.

येथेच दुसरी एक चूक सांगून ठेवतो, कारण ती गॅरेजात नाही तर घरी होते. सकाळी उभ्या गाडीच्या झाकणाची काडी पुसून पाहायची, तेल कमी दिसले की वरून ओतायचे. कमी दिसलेले तेल कोठे गेलेले नसते, ते तळाशी असते. इंजिन सुरू झाले की ते परत येते, कोठीत मावत नाही आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. मालक म्हणतो, पाहा, गळते. पुन्हा कमी दिसले की पुन्हा ओततो. तेलाची पातळी पाहायची ती गाडी चालवून आणल्यावर थोड्या वेळाने.

त्या गॅरेजात आम्ही गाडी जिंतूरच्या रस्त्याने फिरवून आणली आणि नट उघडला. वाटी भरली, दुसरी भरली, मग पोराने ताट लावले. मालक बघत होता. रिंगांचा प्रश्न तेथेच संपला. बोअर मुळातच नको होते.

पण परतीचा पंप का ओढत नव्हता? बुलेटच्या टायमिंग कव्हरमध्ये एकच आडवा दांडा असतो, त्याच्या दोन टोकांना दोन पंप. क्रँकच्या टोकावरच्या वर्मने तो दांडा फिरतो. देणारा पंप चालू होता, म्हणजे वर्म शाबूत, दांडा शाबूत. दोष परतीच्या टोकाला किंवा त्याच्या वाटेत असला पाहिजे. रॉकरकडे जाणारी बाहेरची नळी त्या गाडीत परतीच्या वाटेवरच घेतलेली असते. तिचा नट अर्धा आटा सैल करून इंजिन मंद चालविले. तेथे तेलाचे कढ यायला हवेत. आला तो फेसाळ थेंब, तोही थांबून थांबून.

विहिरीवर मोटर असलेल्या प्रत्येकाला हे दुखणे ओळखता येईल. फूटव्हॉल्व्हपासून पंपापर्यंतच्या नळीत केसाएवढी फट असली तरी पंप पाणी सोडून हवा ओढतो. पाणी हवेपेक्षा जड. पंपाला सोपे ते तो आधी घेतो. तेलाचा पंपही तसाच. परतीच्या वाटेत ओढीच्या बाजूला कोठे हवा शिरत असेल, गॅस्केट फाटलेले असेल, पंपाच्या चकतीला ओरखडा असेल, तिच्यामागची स्प्रिंग मेली असेल, तर पंप हवा खात बसतो. चकती आपल्या बैठकीवर नीट टेकत नसेल तर बारीक पेस्टने घासून बसवावी आणि पेस्टचा कण मागे राहणार नाही इतकी धुवावी. वर्मचा नट काढायची वेळ आली तर त्याचे आटे उलटे आहेत हे ध्यानात ठेवावे. ताकदवान माणसांनी तो नट तोडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

कव्हर उघडले. चकती चांगली होती, स्प्रिंग चांगली होती. तळातून पंपाकडे येणाऱ्या छिद्राच्या तोंडाशी लाल रबराचा एक धागा अडकला होता, शेवयीएवढा. गॅस्केटच्या जागी ट्यूबमधून मलमासारखे लावतात आणि वाळल्यावर ज्याचे रबर होते, ते हे. कव्हर दाबले गेले तेव्हा जास्तीचे आत पिळले, वाळले आणि छिद्रावर झडपेसारखे लटकत राहिले. थोडे तेल जाऊ द्यायचे, बाकीचे अडवायचे.

मी विचारले, हे कोणी लावले? पोराचा चेहरा उतरला. दोन महिन्यांपूर्वी ही गाडी कव्हरमधून तेल गळते म्हणून आली होती आणि त्यानेच हे लावले होते.

बंधूंनो, मी तेथे त्याचा पगार सोडवायला गेलो होतो. वाटीने त्याला अर्धे सोडविले आणि त्या धाग्याने अर्धे पुन्हा अडकविले. खरे सांगतो, तो धागा खिशात टाकावा असे मला क्षणभर वाटले. मालकाची पाठ होती. पण मग पुढच्या वेळी माझ्या वाटीवर कोणी विश्वास ठेवला नसता. धागा मी मालकाच्या तळहातावर ठेवला आणि पोराला विचारले, गॅस्केट का नाही टाकलेस? तो म्हणाला, गॅस्केट गॅरेजात नव्हते. मालक म्हणाले, एका कागदासाठी नांदेडला माणूस पाठवायचा का, ट्यूब लाव. किती लावायचे हे कोणी सांगितले नव्हते. गळती थांबली पाहिजे, एवढेच सांगितले होते.

मालकाने हे नाकारले नाही. तो वाईट माणूस नव्हता; गिऱ्हाईक उभे असले की सगळेच असे करतात. तासभर वाद झाला. मी म्हटले, धागा पोराचा, कागद वाचविला तो तुमचा, आणि बोअर करायचे ठरविले तेही तुमचेच, नट न उघडता. शेवटी कापलेला पगार त्याला परत मिळाला. पुढच्या महिन्यात त्याला कामावरून काढले. ते मला अडविता आले नाही. तीन-चार माणसांच्या गॅरेजात संघटनेचा हात किती पोचतो हे तेव्हा मला कळले, आणि आजही तो फारसा पुढे पोचलेला नाही.

इतर गाड्यांविषयी थोडक्यात सांगतो. ट्रायम्फच्या जोडइंजिनात दोन दट्ट्यांचा पंप असतो, परतीचा दट्ट्या अर्थातच जाड. त्यांच्या खाली छऱ्यांच्या झडपा असतात. छऱ्याखाली कचऱ्याचा कण बसला की परत येणे थांबते. पंप उतरवून पेट्रोलने धुवावा, छरा आपल्या बैठकीवर बसविण्यासाठी हलका ठोका द्यावा. बीएसएच्या बऱ्याच गाड्यांत तळाच्या ओढनळीत एक छरा असतो, तो गाडी पडून राहिली की चिकटतो. खालची जाळी काढून नळीत तारेचे टोक घालून छरा वर ढकलला की तो सुटतो. कित्येकदा दुरुस्ती एवढीच. या गाड्यांना आणखी एक सोय आहे. टाकीचे झाकण उघडून परतीच्या नळीचे तोंड दिसते. सुरुवातीला सलग धार पडते, मग ती तुटक होते आणि बुडबुडे येतात. तुटक धार पाहून घाबरू नये. पंपाची ताकद जास्त असल्यामुळे तळ रिकामा झाल्यावर तो मध्ये मध्ये हवा ओढणारच. बराच वेळ सलग धारच पडत राहिली, बुडबुडा आलाच नाही, तर मात्र तळ अजून भरलेला आहे असे समजावे.

झिरपण्यावर उपाय म्हणून काही हौशी मंडळी टाकीच्या नळीला तोटी बसवितात. रात्री बंद, सकाळी चालू. हे माझ्या मते करू नये. एक दिवस तोटी उघडायची राहते, आणि मोठे बेअरिंग तेलावाचून धरले की झिरपलेल्या वाटीभर तेलाची किंमत फार स्वस्त वाटू लागते. झिरपणे हे दुखणे नव्हे, म्हातारपण आहे. महिनाभर उभी राहिलेली गाडी सुरू करण्यापूर्वी तळाचा नट उघडून तेल काढावे आणि कोठीत परत घालावे, बस्स. ब्रीदरच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखा रबरी तुकडा असतो, तो कडक झाला असेल तर बदलावा, पण तेल पडते म्हणून ब्रीदरला बूच कधी मारू नये. तेल २०-५० चे घालावे. पातळ तेल घालून गाडी हलकी होते असे सांगणारे पुष्कळ भेटतात; त्यांच्याच गाड्यांखाली सकाळी पुठ्ठा अंथरलेला असतो.

तो पोरगा आता चाळिशीला आला आहे. त्याचे स्वतःचे गॅरेज आहे, हाताखाली दोन मुले आहेत. भिंतीला खिळ्यावर सगळ्या मापांची गॅस्केटे टांगलेली असतात. मुलांना पगार किती देतोस, असे मी गेलो की विचारतो, आणि त्यावर आमचे दर वेळी भांडण होते.

माझी १९७३ सालची बुलेट मी आज मुद्दाम वसमत रस्त्याने फिरवून आणून सभागृहाच्या मागे उभी केली आहे. येताना ती थोडा धूर मारत होती. कारण काय ते मला सांगता येत नाही, कारण मी अजून नट उघडलेला नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अध्यक्षांचे भाषण झाल्यावर मागे यावे. चौदाचा पाना माझ्याकडे आहे. वाटी कोणीतरी चहावाल्याकडून आणा.